यश ज्याचे, सोहळा त्याचा

दहावी-बारावीचे निकाल, पोलीस भरतीच्या याद्या आणि लोकसेवा आयोगाच्या शिफारशी जाहीर होण्याचे दिवस आले की, बुलढाणा जिल्ह्यातील अनेक कुटुंबांकडून काही प्रश्न हटकून विचारले जातात. बातमी लगेच सांगावी की थांबावे? चौकात फलक लावू द्यावा काय? सत्काराला नकार दिला तर माणसे दुखावतील काय? आणि कचेरीत आपले काम आपल्याच तोंडाने सांगणे शोभते काय? या प्रश्नांमागे एक जुना संकोच आहे आणि एक नवा धाक आहे. संकोच असा की, स्वतःच्या यशाचा उच्चार करणे म्हणजे आत्मश्लाघा. आणि धाक असा की, गावाने एकदा सोहळा आरंभिला म्हणजे ‘नको’ म्हणण्याची मुभा आपल्याकडे उरत नाही. ही दोन्ही मते मला साफ चुकीची वाटतात. कष्टाने मिळविलेले यश आप्तस्वकीयांना सांगणे हा आपला अधिकार आहे. आणि ते साजरे करावे की नाही, करावयाचे तर कोठे, कोणासमवेत व किती खर्चाने, हे ठरविण्याचा पहिला अधिकार ज्याचे यश त्याचा. वडिलांचा, पुढाऱ्याचा, शाळेचा किंवा शिकवणी वर्गाचा शब्द त्यानंतर. खालील सर्व सूचना या एकाच विचारातून निघालेल्या आहेत.

आधी वार्ता पक्की करून घ्या

यश आणि यशाची वार्ता यांमध्ये कित्येकदा काही आठवड्यांचे, क्वचित काही महिन्यांचे अंतर असते, आणि या मधल्या काळात वाजविलेले ताशे पुढे त्या तरुणालाच छळतात. म्हणून पेढ्यांचे पुडे आणण्यापूर्वी हातात नेमका कोणता कागद आला आहे, ते पाहावे.

- पोलीस भरती : तात्पुरत्या निवड यादीत नाव येणे म्हणजे नेमणूक नव्हे. कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी हे टप्पे अद्याप शिल्लक असतात.
- लोकसेवा आयोग : सर्वसाधारण गुणवत्ता यादी वेगळी, तात्पुरती निवड यादी वेगळी आणि आयोगाची अंतिम शिफारस वेगळी. शिफारशीनंतरही नेमणुकीचा आदेश शासनाच्या विभागाकडून यावा लागतो. तोवर हातातील नोकरीचा राजीनामा देऊ नये.
- कर्जफेड : पीककर्ज फिटले, हेही घराचे मोठे यश आहे आणि ते साजरे व्हावे, असे मला मनापासून वाटते. मात्र अखेरचा हप्ता भरल्याच्या दिवशी काम संपत नाही. बँकेकडून अथवा सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्यावा, तो तलाठ्याकडे देऊन फेरफाराची नोंद करून घ्यावी आणि सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यातील बोजा कमी झालेला नवा उतारा हाती आल्यावर मगच देवापुढे नारळ फोडावा. बोजा तसाच राहिल्याचे जमीन वाटणीच्या किंवा नव्या कर्जाच्या वेळी ध्यानात येते, आणि तेव्हा जुने दप्तर शोधताना नाकीनऊ येतात.

यादी लागताच कोठून तरी आपला क्रमांक मिळवून ‘नेमणूक लवकर करून देतो, वरच्या साहेबांचा माणूस आहे’ असे सांगणारे इसम फोन करू लागतात. बातमी जितकी गाजते, तितके हे फोन वाढतात. अशा माणसास एक पैसाही देऊ नये. ऑनलाइन पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पहिली वार्ता कोणाला

आजकाल निकाल लागताच भ्रमणध्वनीवरील ‘स्टेटस’ आधी बदलते आणि घरातील वडीलधाऱ्यांना बातमी शेजाऱ्याकडून कळते. हा क्रम बदलावा. ज्यांच्या श्रमाचा यशात प्रत्यक्ष वाटा आहे त्यांना प्रथम, स्वतःच्या आवाजात सांगावे: आई, वडील, शेतीचा भार एकट्याने उचलणारा भाऊ, प्राथमिक शाळेतील ते गुरुजी किंवा बाई.

त्यानंतर येतो तो प्रसंग सर्वांत नाजूक असतो. अभ्यासिकेत एकाच टेबलाशी चार-चार वर्षे बसलेल्या मित्रांपैकी एकाचे नाव यादीत येते आणि बाकीच्यांचे येत नाही. ही बातमी त्यांना समूह-संदेशातून कळू देऊ नये. स्वतः फोन करावा, थोडक्यात सांगावे आणि त्यांच्या निकालाविषयी तेथेच उपदेश करण्याचा मोह टाळावा. ‘माझं झालं रे. तुला दुसरीकडून कळायच्या आधी मला सांगायचं होतं. उद्या भेटू’ एवढे पुरे. आपल्या टिपणवह्या व जुन्या प्रश्नपत्रिका त्यांना देऊ केल्यास चांगलेच. पण त्या दुसऱ्या दिवशी द्याव्यात, त्याच घटकेला नव्हे.

घरातच एका भावंडाचे यश आणि दुसऱ्याचे अपयश एकाच दिवशी आले असेल, तर सोहळा रद्द करू नये आणि तुलनाही करू नये. जे मूल अनुत्तीर्ण झाले आहे त्याच्यापुढे कोणते मार्ग उघडे आहेत, हे त्याच दिवशी शांतपणे सांगावे: गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि ती घेतल्यानंतर पुनर्मूल्यांकन, पुरवणी परीक्षा, आणि दहावीत एक किंवा दोन विषय राहिले असल्यास अकरावीला सवलतीने मिळणारा प्रवेश. या अर्जांना मुदत असते, आणि पेढ्यांच्या गडबडीत ती निघून जाते. मूल अगदीच गप्प झाले, जेवेनासे झाले, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.

सांगावे कसे

येथे आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण देतो. मे २०२३ मध्ये शांघाय येथील तीरंदाजी विश्वचषकाच्या स्पर्धेत, बुलढाण्याच्या प्रथमेश जवकार याने कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या माइक श्लोसर या अग्रगण्य तीरंदाजास १४९ विरुद्ध १४८ अशा गुणांनी हरविले. पंधरा बाण, प्रत्येकी कमाल दहा गुण, म्हणजे एकूण दीडशे; त्यांतील केवळ एक गुण त्याने गमावला आणि प्रतिस्पर्ध्याने दोन. त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्यासमवेत त्याने सांघिक सुवर्णपदकही मिळविले. या हकिगतीस ‘देदीप्यमान’, ‘न भूतो न भविष्यति’ अशा विशेषणांची गरजच पडत नाही. १४९ आणि १४८ हे दोन आकडे शेजारी ठेवले की, ज्याने आयुष्यात कधी धनुष्य हाती धरले नाही, त्यासही त्या एका गुणाचे मोल कळते.

आपणही आपले यश असेच सांगावे. काय केले, किती केले, कोणाच्या साहाय्याने केले, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की आत्मश्लाघेचा आरोप उरत नाही. ‘मी फार मेहनत घेतली’ यापेक्षा ‘दोन वेळा पूर्वपरीक्षेत अडलो, तिसऱ्या वेळी निघालो’ हे वाक्य अधिक खरे आणि ऐकणाऱ्यास अधिक उपयोगाचे. साहाय्य करणाऱ्यांचे नाव घेताना ‘सर्वांचे आभार’ म्हणून मोकळे होऊ नये, नावे घ्यावीत. घरातली गोष्ट असली तरी हाच नियम. बचत गटाचे कर्ज वेळेत फेडून शिलाईयंत्र स्वतःचे करून घेतलेल्या गृहिणीने ‘आमच्या ह्यांच्या आशीर्वादाने’ म्हणून आपला वाटा पुसून टाकू नये. किती महिने, किती हप्ता, तो कसा भरला, हे जावेला आणि लेकीला आवर्जून सांगावे.

ओवाळण्याचा मान

या विषयावर थोडे अधिक लिहिणे मला कर्तव्य वाटते. गावात मुलाची निवड झाली म्हणजे दारी पाट मांडतात, रांगोळी घालतात, सुवासिनी निरांजन घेऊन पुढे येतात. आणि ज्या माउलीने नवऱ्यामागे दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण करून त्या मुलाला शिकविले, ती विधवा आहे म्हणून माजघराच्या चौकटीशी हात पदरात गुंडाळून उभी राहते. तबक शेजारणीच्या हाती असते. पुष्कळदा तिला कोणी मागे सारलेले नसते. ती आपण होऊनच मागे सरते, कारण तिला तसेच शिकविलेले असते.

ज्या जिल्ह्यात जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेड राजा आहे, तेथे तरी हे होऊ नये. शहाजीराजे १६६४ साली निवर्तले; त्यानंतर दहा वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जिजाऊ त्या सोहळ्यास हयात होत्या आणि त्या सोहळ्यातील त्यांच्या स्थानाविषयी कोणी शंका घेतलेली नाही. अलीकडे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस त्याचे अनुकरण करण्याविषयी कळविले. आपल्या ग्रामसभेतही असा ठराव मांडता येतो. पण त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. यश मुलाचे आहे, तर पहिले तबक कोणाच्या हाती द्यावे, हे त्याने ठरवावे. त्याने स्वतः आत जाऊन आईचा हात धरून तिला पाटापाशी आणावे आणि ‘आधी तू’ एवढेच म्हणावे. चारचौघांत तिच्यावर सक्ती होता कामा नये, म्हणून आदल्या रात्री तिच्याशी बोलून ठेवावे; ती संकोचली तर धाकट्या बहिणीने किंवा आत्याने तिच्यासह तबक धरावे.

शाळेत

परीक्षा मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच बंद केले, तरी शाळांच्या फाटकावर पहिल्या पाचांची छायाचित्रे झळकतातच. पालकांनी आणि शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

- गुणपत्रिकेचे छायाचित्र कोठेही प्रसृत करू नये. निकालाच्या संकेतस्थळावर आसन क्रमांक आणि आईचे नाव टाकले की सर्व विषयांचे गुण दिसतात, आणि गुणपत्रिकेवर या दोन्ही गोष्टी छापलेल्या असतात. कोणास कळवावयाचेच असेल, तर टक्केवारी लिहून कळवावी.
- मुलाचे छायाचित्र फलकावर लावण्यापूर्वी शाळेने आपणांस विचारावे, अशी अपेक्षा आपण रास्तपणे धरू शकता. नको असल्यास मुख्याध्यापकांच्या नावे चार ओळींचे पत्र द्यावे. मुलाचे मतही आधी घ्यावे. पंधरा वर्षांच्या मुलीला आपले छायाचित्र बसस्थानकासमोर लागलेले नको असेल, तर तेवढे कारण पुरे आहे.
- शिक्षकांना एक विनंती: लोणार, मेहकर, सिंदखेड राजा या पट्ट्यांतून हंगामात कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांतील जे मूल आजीजवळ राहून वर्षभर शाळेत आले, त्याचे नाव परिपाठाच्या वेळी घेतले जावे. पुष्पगुच्छ नसला तरी चालेल.

कचेरीत आणि कारखान्यात

‘काम बोलते’ असे म्हणून गप्प बसणारे कर्मचारी बढतीच्या वेळी मागे राहतात, आणि त्यांचे काम दुसऱ्याच्या नावावर जमा झालेले असते. बोलणे येथे केवळ हौसेचे नाही, ते लेखी पुराव्याचे आहे.

शासकीय सेवकाने वर्षअखेरीस कार्यमूल्यमापन अहवालातील स्वयंमूल्यनिर्धारणाचा भाग घाईने भरू नये. वर्षभर एका वहीत तारीखवार टिपणे ठेवून किती प्रकरणे निकाली काढली, कोणते शिबिर घेतले, हे आकड्यांनिशी लिहावे. अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो की प्रतिकूल, संबंधित कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे; तेव्हा ती मागून घेण्यात कसलाही उद्धटपणा नाही, आणि ती अन्यायाची वाटल्यास अभिवेदन करता येते. प्रशस्तिपत्र मिळाले, तर त्याची नोंद सेवापुस्तकात झाली आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. कामाच्या बाहेरचे यशही यातून वगळू नये. बुलढाणा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी २०१९ साली चीनमधील चेंगदू येथे जागतिक पोलीस व अग्निशमन दल क्रीडास्पर्धेत तीरंदाजीचे सुवर्णपदक मिळविले. गणवेशातील माणसाचे मैदानावरील यश हे त्या दलाचेही असते.

सत्कार स्वीकारताना मात्र सावध असावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांमध्ये भेटवस्तू आणि सन्मानार्थ भरविलेल्या सभा-समारंभांविषयी बंधने आहेत. घरगुती, अनौपचारिक निरोप समारंभ निराळा. पण एखाद्या ठेकेदाराने किंवा राजकीय मंडळाने जाहीर सत्कार योजला असेल, तर वरिष्ठांची लेखी मंजुरी आल्याखेरीज व्यासपीठावर जाऊ नये. नव्याने रुजू झालेल्यांची याच ठिकाणी फसगत होते. शाल-श्रीफळ देणारा इसम पुढच्याच महिन्यात आपले काम घेऊन टेबलासमोर उभा राहतो.

खामगाव किंवा मलकापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांनी मुकादमाने तोंडी केलेल्या स्तुतीवर समाधान मानू नये. उत्पादन वाढले, अपघाताविना वर्ष गेले, तर तसे पत्र मागावे आणि त्याची प्रत घरी ठेवावी. सहकाऱ्यांची ‘पार्टी पाहिजे’ ही मागणी प्रेमाची असते, पण तिची मर्यादा आपण घालावी. शेगावची कचोरी आणि चहा एवढ्यावर कोणत्याही कचेरीत उत्तम मैफल जमते.

फलक, मिरवणूक आणि ध्वनिक्षेपक

अभिनंदनाच्या फलकावर यशस्वी मुलाचे छायाचित्र कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांची छायाचित्रे मोठी, हे दृश्य आता सर्वत्र दिसते. आपल्या नावाचा उपयोग कोणाच्या निवडणुकीसाठी होत आहे, असे वाटल्यास स्पष्ट नकार द्यावा. कायद्याची बाजू थोडक्यात अशी :

१. सार्वजनिक ठिकाणी फलक लावण्यास नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत यांची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ अन्वये विनापरवाना फलक हा अपराध आहे. आणि फलकावर नाव आपले असल्यामुळे विचारणा प्रथम आपल्याकडे होते.

२. ध्वनिक्षेपकास पोलिसांची लेखी परवानगी हवी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर वाजविता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असतो. ‘डीजे’च्या भिंती या मर्यादेत बसूच शकत नाहीत.

३. मिरवणुकीचा मार्ग व वेळ पोलीस ठाण्यात आधी कळवून मंजुरी घ्यावी. गुलालाची उधळण दवाखान्यासमोर करू नये.

शिकवणी वर्गाच्या जाहिरातीतील आपले छायाचित्र

पुष्कळांना हे ठाऊक नाही, म्हणून ठळकपणे सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांनुसार यशस्वी उमेदवाराचे नाव, छायाचित्र किंवा मनोगत त्याच्या लेखी संमतीवाचून वापरता येत नाही, आणि ही संमती निवड झाल्यानंतर घेतलेली असावी लागते. प्रवेश घेताना भरलेल्या अर्जात बारीक अक्षरांत घेतलेली सही येथे चालत नाही. छायाचित्रासोबत त्या उमेदवाराने नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला होता, तो किती मुदतीचा होता आणि त्यासाठी शुल्क भरले होते की नाही, हेही छापले पाहिजे. आपण केवळ मुलाखतीची दोन दिवसांची विनामूल्य तालीम घेतली असेल आणि वर्ग आपल्याला ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून मिरवीत असेल, तर प्रथम लेखी हरकत कळवावी, फलकाचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवावे आणि दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. आपल्या मागून येणारी खेड्यातील मुले त्या फलकाकडे पाहून वडिलांना शेत गहाण ठेवावयास लावतात, म्हणून ही हरकत घेणे अगत्याचे आहे.

खर्च आणि नकार

पहिला पगार हाती येण्यापूर्वी सोहळ्यासाठी कर्ज काढू नये, हा नियम कोणत्याही दडपणाखाली मोडू नये. गावजेवणाचा नवस असेल, तर तो पुढच्या हंगामात फेडता येतो; शेगावला गजानन महाराजांच्या किंवा सैलानीला बाबांच्या दर्शनास जाऊन यावयास फार खर्च येत नाही. वीस-पंचवीस माणसांसाठी शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी केली, तर ज्यांना खरोखर आनंद झाला आहे ती सर्व माणसे त्या पंगतीत मावतात.

काहींना मुळीच सोहळा नको असतो. घरात नुकतेच कोणी गेलेले असते, प्रकृती बरी नसते, किंवा स्वभावच तसा असतो. अशा वेळी कारणे सांगत बसण्याऐवजी आधीच एक पत्र धाडावे. नमुना असा :

‘माननीय सरपंच व ग्रामस्थ यांस सप्रेम नमस्कार. माझ्या निवडीनिमित्त आपण सत्कार योजल्याचे कळले. आपल्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. तथापि या वेळी जाहीर कार्यक्रम, फलक अथवा मिरवणूक नसावी, अशी माझी विनंती आहे. वर्गणी जमली असल्यास ती गावातील वाचनालयास स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी द्यावी. पुस्तकांची यादी सोबत जोडली आहे. रविवारी सकाळी मी वाचनालयात असेन. ज्या मुलांना अभ्यासाविषयी काही विचारावयाचे आहे, त्यांनी अवश्य यावे.’

पत्राची एक प्रत ग्रामपंचायतीच्या आवकेत नोंदवून घ्यावी, आणि यादी खरोखरच सोबत जोडावी.